कारखान्याची चिमणी पडायच्या आत

दुकानात शिरून "चांगलं दाखवा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला पहिल्यापासून राग. चांगलं म्हणजे काय? कशासाठी हवं, कुणाच्या हातात जाणार, उन्हात वापरणार की पावसात, हे काही सांगायचं नाही आणि नुसतं "चांगलं दाखवा"! मी सरळ विचारायची, "अहो, पण करायचंय काय त्याचं?" त्यावर निम्मी माणसं चिडायची. चिडू देत. पस्तीस वर्षं भिंगारच्या बाजारात मोजणीची यंत्रं विकली आणि दुरुस्त केली. एकही यंत्र चुकीच्या पद्धतीनं कुणाच्या हातात दिलं नाही, असं छातीठोक सांगायची. आता सांगत नाही, कारण एकदा दिलं. तेच इथं सांगायचं आहे.

दुकान मूळ वडिलांचं. लष्कराच्या छावणीतले लोक त्यांच्याकडे दुर्बिणी आणि होकायंत्रं दुरुस्तीला आणायचे. माझ्या हातात दुकान आलं तेव्हा मोजणीच्या साखळ्या आणि टेपा खपत होत्या. मग हातात मावणारं जीपीएस आलं आणि साखर कारखान्यांच्या शेतकी विभागातली माणसं माझ्याकडे रांगेनं यायला लागली. उसाचं क्षेत्र मोजायचं तर यंत्र हातात धरून बांधाबांधानं चालायचं, फेरी पुरी झाली की क्षेत्र पडद्यावर हजर. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना सोपं करून सांगते. हे यंत्र आकाशातल्या उपग्रहांचं ऐकतं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: तू आत्ता कुठं उभा आहेस? बाकीची सगळी करामत त्या एका उत्तराची.

पण गिऱ्हाइकाला ते पटायला हवं ना! राहात्याचे एक पेरूबागवाले यंत्र परत घेऊन आले. "काल साडेपंचवीस गुंठे दाखवलं, आज सव्वीस. आमची बाग काय रात्रीत वाढली?" मी म्हटलं, "दोन पावलं इकडं तिकडं होतंच. झाडाखाली उभं राहिलात की आणखी होतं." त्यांनी जरा विचार केला आणि हळूच म्हणाले, "मग कायम सव्वीसच दाखवणारं एखादं नाही का?" मी हसले तर म्हणाले, "आणि भावाला दाखवायला साडेपंचवीसवालं."

अशी माणसं होती म्हणून दुकानात बसायला मजा यायची. मग मोबाईल आले. मोजणी मोबाईलवर व्हायला लागली, माझी यंत्रं कपाटात धूळ खात पडली, आणि मी दुकान आवरायच्या विचारात होते. त्याच सुमारास एका सकाळी दगडूनाना आले.

सत्तरीचे, काळे, काटक. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला टापशी. बरोबर सून शोभा, चाळिशीची, दंड माझ्या मांडीएवढे. काष्टीच्या पुढं भीमेकाठी धरणाचा फुगवटा, म्हणजे मागं तुंबलेलं पाणी, पसरलाय, तिथले हे मासेमार. नानांचा मुलगा चाकणला कंपनीत, त्यामुळं होडीत सासरा आणि सून. सून वल्हं मारते, सासरा जाळं टाकतो.

मी सवयीनं विचारलं, "करायचंय काय त्याचं?"

"ताई, चिमणी पाडत्यात," नाना म्हणाले.

मला वाटलं आणखी एक अवली आलं. मग शोभानं समजावलं. त्यांच्या काठावर एक साखर कारखाना बरीच वर्षं बंद पडलेला. त्याची यंत्रसामग्री भंगारात गेली होती, आता उंच चिमणी तेवढी उभी होती, आणि तीही सुरुंग लावून पाडणार होते. पंधरा दिवस राहिले होते. म्हटलं, त्याचा माशांशी काय संबंध?

संबंध असा. धरणाच्या पोटात जुनी गावं आहेत. विहिरी, चावडीच्या भिंती, ओढे, बाभळींची वाळलेली खोडं. मासा अशाच आडोशाला बसतो. जाळं नेमकं तिथं पडलं तर मरळ, वाम, कटला. दहा हात चुकलं तर जाळं बाभळीत फाटलं. वरून मात्र सगळं सपाट पाणी! मग ही माणसं काठावरच्या खुणा धरतात. चिमणी आणि खंडोबाच्या देवळाचं शिखर एका रेषेत आणायचं, दुसऱ्या बाजूला टेकडीवरचा लिंब आणि पाण्याची टाकी एका रेषेत आणायची. दोन्ही रेषा जुळल्या की होडीखाली नेमकी जागा. आणि चिमणी सगळीकडून दिसते, म्हणून नानांच्या चौदाही जागांना एक खूण चिमणीचीच.

"चिमणी गेली की माझ्या चौदा जागा गेल्या," नाना म्हणाले. "बापानं धा दिल्या, चार म्या काढल्या. त्या ध्यानात ठेवील आसं यंतर द्या. पन कुलूपवालं पायजे."

"कुलूप कशाला?"

नानांनी शोभाकडं पाहिलंही नाही. "जागा लेकाला सांगायची आसती. लेक पान्यात यीना. आन सुनंला सांगायची न्हाई, तिचं म्हायेर पल्याडच्या काठाला. तिचा बाप बी मासंच धरतो."

ती बाजूला उभी राहून ऐकत होती. तोंडावर रेषसुद्धा हलली नाही. मला मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर वल्हं तिनं मारायचं आणि जागा तिला सांगायची नाही! पण गिऱ्हाइकाच्या घरात शिरायचं नाही, हा वडिलांचा नियम. मी गप्प कपाट उघडलं.

मग निवड. या कामात माझा हात धरणारं नगर जिल्ह्यात कुणी नव्हतं, हे जरा फुशारकीनंच सांगते. रंगीत, बोटानं सरकवायच्या पडद्याचं यंत्र मी आधी पुढं केलं. नानांनी दुकानातल्या बादलीत दोन्ही हात बुडवले आणि तसेच ओले पडद्यावर ठेवले. पडदा वेड्यासारखा उड्या मारायला लागला. "हे शेहरातलं," नाना म्हणाले. मला माणूस आवडला. मोबाईल म्हणाल तर शोभाकडं होता, पण एक पाण्यात गेलेला होता आणि दुसरा ती पिशवीत बांधून ठेवायची. शेवटी बटनांचं, जाड, कुरूप यंत्र काढलं. उन्हात जाऊन पडदा दिसतो का बघितलं. उन्हातच जास्त चांगला दिसत होता. साधे पेन्सिल सेल, गावच्या किराणा दुकानात मिळणारे. बादलीत टाकलं, बाहेर काढलं, चालू. पण ते बुडत होतं. म्हणून त्याला दोरी बांधून दिली, गळ्यात घालायला.

कुलूप म्हणून आकडे घालायची सोय होती. नानांना आकडे येत होते, पण वाचता येत नव्हतं, तर जागांना नावाऐवजी चित्रं द्यायची ठरली. त्या यंत्रात तंबू, विमान, दवाखाना, काटा-चमचा अशी चित्रं असतात. नानांनी काटा-चमचा पाहून विचारलं, "हे काय, जेवनाचं? मंग हे विहिरीला लावू." विहीर म्हणजे चौदांमधली त्यांची सगळ्यात लाडकी जागा. बुडालेल्या मळ्यातली विहीर, पाणी उतरलं की तिथं हमखास मरळ.

"होडी जागेवर आणा, हे बटन दाबा, की ती जागा यंत्रात बसली. परत जायचं असेल तर बाण दाखवेल." मी पाच वेळा पाठ करून घेतलं. नाना हुशार, दुसऱ्यांदाच आलं त्यांना. माझ्या मनात आलं, झालं काम.

अकराव्या दिवशी दोघं परत दारात. नानांच्या हातात फाटलेलं जाळं.

"ताई, यंतर खोटं बोलतंय!"

माझ्या दुकानातलं यंत्र आणि खोटं? मी ते हिसकावूनच घेतलं. नानांकडून कुलपाचे आकडे दाबून घेतले आणि जागा बघितल्या. चौदा चित्रं होती, नीट होती. मग होडी कुठून कुठं गेली त्याची रेघ उघडली. अहाहा! लहान मुलानं खडू घेऊन भिंत रंगवावी तशी. इकडं वळण, तिकडं गाठ, मागं, पुढं, गोल.

"नाना, हे काय? दारू पिऊन होडी चालवलीत?"

"माळकरी हाय मी!" नाना भडकले.

शोभा खाली बघत होती, पण खांदे हलत होते. "सांग बाई तू," मी म्हटलं.

"ताई, पान्यावर कुनी दिसलं की मामा सरळ जागंवर जात न्हाईत," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "आदी फसव्या जागंवर थांबायचं. तितं जाळं टाकल्यासारखं करायचं. बघनारा गेला की मंग खऱ्या जागी. समदेच करत्यात तसं. त्या दिवशी आमच्या आबाची होडी लांब दिसत हुती." आबा म्हणजे तिचा बाप, बबनराव. नानांचे व्याही.

"म्हणून खोट्या जागेवर बटन दाबलंत?"

"मंग काय ईवायाच्या डोळ्यादेकत दाबू?" नाना म्हणाले. "नंतर खऱ्या जागंवर बी दाबलं की काई ठिकानी."

कोणती खरी आणि कोणती फसवी ते आता नानांनाही सांगता येईना. चित्रं सगळी चौदाच, आणि त्यातल्या नऊ जागी, शोभाच्या हिशेबानं, फक्त सोंग होतं. एका सोंगावर त्यांनी रात्री बाणाच्या भरवशावर जाळं टाकलं आणि ते बाभळीत गेलं.

मला इतकं हसू आलं, आणि लगेच इतकी लाज वाटली. आयुष्यभर बांधावरच्या माणसांना यंत्रं विकली. त्यांना चार लोकांसमोर मोजायचं असतं, साक्षीदार हवे असतात. पाण्यावरचा माणूस कसा वागतो हे मी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना "करायचंय काय" विचारणारी मी, "कसं करता" हे विचारायला विसरले.

चिमणी चौथ्या दिवशी पडणार होती, आणि नानांना फाटलेलं जाळं सांधायला दोन दिवस लागणार होते. त्याशिवाय पोट कसं चालणार? मी म्हटलं, "पाडायच्या दिवशीच सकाळी मी येते. दुकान बंद ठेवते. आपण तिघं मिळून करू."

नगर-दौंड रस्त्यानं पहिल्या एसटीनं गेले. होडी पत्र्याची, मी कड धरून बसले. यंत्र माझ्या हातात. पण नानांची अट काय? "ताई, तुमी पदर घ्या तोंडावर. म्या म्हनंन तवा बटन दाबा. काठाकडं बघायचं न्हाई."

"अहो, मी भिंगारची! मी काय तुमचे मासे चोरणार?"

"तुमी चांगल्या हायसा. पन सवय न्हाई."

घेतला बाई पदर. साठी उलटलेली मी, नव्या नवरीसारखी झाकून भर पाण्यात. जागेवर आलं की नाना पुढून दगड सोडायचे. हाच त्यांचा नांगर. मी बटन धरून ठेवायची. यंत्राला मी शंभर वेळा तीच जागा विचारायला लावली होती, म्हणजे सरासरी निघते आणि दोन-चार हातांची चूक कमी होते. दीड-दोन मिनिटं होडी हलू द्यायची नाही. वारा नव्हता, कामं भराभर झाली. सोंगं पुसली, खऱ्या बसवल्या. साडेनऊपर्यंत तेरा झाल्या. नाना खुशीत येऊन मला मरळीचं कालवण खाऊ घालायचं कबूल करून बसले.

राहिली विहीर. ती नानांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती, पाण्यावर अजिबात कुणी नसताना करू म्हणून. आणि नेमकी तेव्हाच पाण्यावर गर्दी व्हायला लागली. काठावर पोलिसांनी माणसं हटवली होती, म्हणून चिमणी पडताना बघायला अख्खा फुगवटा होड्या घेऊन आत आला. दोन्ही काठांच्या. बाया, म्हातारे, थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेले दोघं. जत्राच! कुणीतरी भजी आणली होती, ती होडीहोडीतून पुढं सरकत होती.

"नाना, चला विहिरीवर."

"येवढ्या लोकांत?"

नाना भजी खात बसले. काठावरच्या पोलिसांच्या जीपवरचा भोंगा एकदा वाजला. लाउडस्पीकरवरून सांगत होते की दुसरा भोंगा झाला की पाच मिनिटांनी सुरुंग. साडेदहा झाले. नाना हलेनात. चेहरा मात्र पडला होता, भजं हातातच राहिलं होतं. मी त्यांचं काय चाललंय ते बघत होते. बापानं दिलेली ती जागा होती.

मग माझा पारा चढला. पदर काढून टाकला. "नाना, इतकी वर्षं लपवलीत ना? आता चिमणी पडली की ती तुम्हालाच सापडायची नाही. मग लपवायचं काय आणि कुणापासून? मी इतक्या लांबून पदर घेऊन बसायला आले का?"

शोभानं वल्हं वर धरलं होतं. दुसरा भोंगा झाला.

आणि सगळ्या होड्यांमधली सगळी तोंडं चिमणीकडं फिरली. एक माणूस इकडं बघेना. नानांनी ते पाहिलं, भजं पाण्यात टाकलं आणि ओरडले, "शोभे, मार वल्हं! सरळ!"

काय मारलं तिनं! होडी उचललीच. नाना पुढं उभे, एक डोळा मिटून चिमणी आणि शिखर जुळवत. "डावीकडं. डावीकडं. आता टाकी बघू दे... वढ, वढ..." आणि मग एकदम हात वर केला.

समोरून दुसरी एक होडी तशीच सरळ, तशीच जोरात येत होती. तिच्यात एक टकले गृहस्थ उभे, एक डोळा मिटून. दोन्ही होड्या दहा हातांवर येऊन थांबल्या. त्या गृहस्थांनी डोळा उघडला.

"ईवाई?" नाना म्हणाले.

"पाव्हनं, तुमी इतं काय करताय?" बबनराव म्हणाले.

"माझी जागा हाय ही!"

"तुमची? माझ्या बापानं दावल्याली हाय मला! शेवटची एकदा नजरंत भरून घ्यावी म्हनलं."

उलगडा मला नंतर झाला. नानांचं जाळं संध्याकाळी पडायचं आणि पहाटे निघायचं. बबनराव दुपारी गळ घेऊन यायचे. इतक्या वर्षांत एकाच विहिरीवर दोघं, आणि एकदाही गाठ नाही. आणि मधल्या काळात एकमेकांना फसवायला अख्ख्या फुगवट्यावर घिरट्या!

शोभा हसायला लागली. आधी दाबून, मग मोकळी, मग वल्ह्यावर डोकं टेकून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तुला ठावं हुतं?" नाना म्हणाले.

"लगीन झाल्यापासनं," ती म्हणाली. "आबाची होडी बी मीच वल्हवायची की. आन वल्हवनाऱ्याचं तोंड मागं आसतं, मामा. चिमणी मलाच दिसायची, तुमाला मान वळवावी लागायची."

"मंग बोलली का न्हाईस?"

"कुनाला सांगू? तुमाला सांगावं तर बापाची चोरी, बापाला सांगावं तर तुमची."

"अहो, बोलणं नंतर!" मी ओरडले. "दोन मिनिटं राहिली!" कारण आता वारा सुटला होता आणि दगडाभोवती होडी फिरायला लागली होती. अशानं सरासरी बिघडणार. नानांनी पुढून दगड सोडला होता. बबनरावांनी एक क्षण विचार केला आणि आपली होडी आमच्या होडीला भिडवून त्यांचा दगड मागच्या बाजूनं सोडला. दोन्ही बाजूंनी दोर ताणले गेले. मग दोघे व्याही वाकून एकमेकांच्या होडीची कड घट्ट धरून बसले. होडी जागच्या जागी उभी राहिली.

मी बटन धरलं. वीस. चाळीस. शोभानं आपल्या दोन्ही पायांनी दोन्ही होड्या दाबून धरल्या होत्या. साठ. मागं लोक मोठ्यानं आकडे मोजायला लागले, ते सुरुंगाचे. ऐंशी. पाण्यातून एक धक्का आला आणि मग आवाज. सगळीकडून आरडाओरडा, शिट्ट्या. माझी नजर पडद्यावरून हलली नाही. नव्वद. शंभर.

"झालं," मी म्हटलं.

तेव्हा कुठं आम्ही चौघांनी तिकडं पाहिलं. नुसती धूळ होती. अख्ख्या फुगवट्यानं चिमणी पडताना पाहिली, आणि आम्हीच पाहिली नाही! बबनराव हळहळले. मग त्यांनी रिकाम्या आभाळाकडं आणि पाण्याकडं पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "पाव्हनं, तुमचं बरं झालं. माझ्याकडं कुटलं यंतर?"

नानांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं. मला वाटलं आता दोरी गळ्यात घालून मोकळे होतील. त्यांनी ती दोरी शोभाच्या गळ्यात घातली.

"कुलपाचं आकडं शिकवतो तुला," ते म्हणाले. "सांच्याला माझ्या होडीत. दुपारचं बापासंगं जात जा."

शोभानं यंत्र पदरात धरलं, एकदा सासऱ्याकडं पाहिलं, आणि माझ्या हातात वल्हं देऊन बापाच्या होडीत पाय टाकला.